सुरीची गाठ बशीशी

टोरांटोला मुलाकडे गेलेल्या एका वाचक बाईंचा प्रश्न आला आहे. घरात दर रविवारी स्टेक होतो, सुऱ्या बोथट झाल्यात, आणि दुकानात चार सुऱ्यांचा एक संच दुसऱ्याच्या दहापट किमतीला आहे. स्वस्तातली दातेरी, महागातली सपाट धारेची. ‘पोलादात खरंच एवढा फरक असतो का?’

असतो. पण तो जेवणाच्या टेबलावर फार दिवस टिकत नाही. स्वयंपाकघरातली सुरी लाकडी पाटावर उतरते. स्टेकची सुरी मांसाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर बशीवर आपटते. बशीची झिलई म्हणजे काचच. ती पोलादाच्या तोडीस तोड कठीण असते. पांढऱ्या बशीत वापरून वापरून करड्या बारीक रेघा उमटतात, त्या एकदा नीट निरखून बघा. आपण त्यांना ओरखडे समजतो, पण बहुतेक रेघा म्हणजे सुरीनं मागे ठेवलेलं पोलाद असतं. धार गेली कुठे, याचं उत्तर बशीतच लिहिलेलं असतं.

गंमत अशी की हीच चिनीमाती धार लावायलाही चालते. घरात निसणा नसला की कप उपडा घालून त्याच्या बुडाच्या कडेवर सुरी घासायची, हे आपल्याकडे आयांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्या कडेवर झिलई नसते, भाजलेल्या मातीचे कठीण कण उघडे असतात. पातं तिरपं धरलं की ते कण पोलाद हळूहळू घासतात आणि धार निघते. बशीवर मात्र तीच धार उभी आदळते आणि मुडपते. चिनीमाती तीच, फक्त झिलई आली आणि कोन बदलला.

धार किती नाजूक असते याचा एक सुंदर पुरावा अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 साली दिला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ, तरी दाढीचं पातं बोथट होतं. कसं? त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नुसती झीज होत नव्हती. केस वाकून तिरपा भिडला की धारेला खांडं पडत होती. केसापुढे ही गत, तर बशीपुढे काय होणार! म्हणूनच कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साठीच्या पुढचं कडक जपानी पोलाद मी स्टेकसाठी घेणार नाही. ते पाटावर भाजी चिरायला अप्रतिम असतं, पण बशीवर त्याचे टवके उडण्याचा धोका. इथे 54 ते 56चं साधं, चिवट पोलाद पुरतं.

आता दात. दातेरी पात्याची टोकं बशीचा मार खातात आणि दोन टोकांमधल्या कमानी बशीला न टेकता धारदार राहतात. शिवाय दातेरी सुरी ओढावीच लागते, आणि मऊ पदार्थ ओढल्यानंच सोपा कापला जातो. हार्वर्डचे एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली मऊ जेलवर प्रयोग करून याचं गणित मांडलं: नुसतं दाबलं तर पदार्थ आधी खोलवर दबतो आणि मग फाटतो, दाबता दाबता ओढलं तर पृष्ठभाग आडवा ताणला जाऊन चीर लवकर सुरू होते. विळीवर हेच होतं. पातं जागचं हलत नाही, आपले हात भाजी खाली दाबत पुढे सरकवतात.

पण स्टेकची सुरी गंजत नाही, याचं श्रेय कुणाचं? पुस्तकांत नाव असतं हॅरी ब्रिअर्लीचं. ऑगस्ट 1913, इंग्लंडमधलं शेफील्ड. तोफा-बंदुकांच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून तो पोलादात क्रोमिअम घालून पाहत होता. भंगाराच्या ढिगात एकच नळी चकाकत पडलेली त्याला दिसली, ही गोष्ट सर्रास सांगतात. मला प्रयोगशाळेतली गोष्ट जास्त पटते: सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचे कण दिसावेत म्हणून नमुन्यावर आम्ल लावतात, आणि सुमारे 13 टक्के क्रोमिअमचा हा नमुना आम्लाला दाद देईना. विळीवर लिंबू चिरलं की पातं काळं पडतं, तसंच तेव्हा इंग्रजांच्या सुऱ्यांचं होई. म्हणून श्रीमंताघरी फळांना आणि माशांना चांदीची पाती असत. ब्रिअर्लीला लगेच सुऱ्या सुचल्या. पण शेफील्डच्या कारागिरांनी नमुने नापास केले आणि ‘न कापणाऱ्या सुरीचा जनक’ म्हणून त्याची चेष्टा झाली.

इथे अर्नेस्ट स्टुअर्ट येतो. मोझली यांच्या सुऱ्यांच्या कारखान्याचा हा व्यवस्थापक. त्यानं तुकडा व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिला. ब्रिअर्ली ज्याला ‘रस्टलेस’ म्हणत होता, त्याला ‘स्टेनलेस’ हे नाव त्यानंच दिलं. त्याहून मोठं काम भट्टीपाशी झालं. साधं पोलाद आठशे अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. क्रोमिअमवाल्याला हजाराच्या घरात तापवावं लागतं, आणि ते नुसत्या हवेतही कडक होत जातं, त्यामुळे घडाई करतानाच हत्यारांचे हाल. पहिल्या खेपा फसल्या, स्टुअर्टनं सोडलं नाही, आणि ब्रिअर्लीला जोडीला घेऊन त्यानं कापणारी सुरी बनवून दाखवली. पोलाद ओळखणं आणि पोलादाला पाणी देणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाचा माणूस आपण एका ओळीत उरकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आजही दोन सुऱ्यांचं पोलाद एकच असून एक उत्तम आणि एक टाकाऊ निघते, ती या पाण्यामुळेच.

म्हणून दुकानात पात्यावर ‘18/10’ लिहिलेलं दिसलं तर सुरी परत ठेवा. ते चमच्यांचं आणि मुठींचं पोलाद. कितीही तापवा, कडक होत नाही. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. कडक होणारं पोलाद त्याला चिकटतं, 18/10 सहसा चिकटत नाही. चिकटलं म्हणजे सुरी चांगलीच असं मात्र नाही, स्वस्त चमचेही कधी कधी चिकटतात. ‘कधीच धार लावावी लागणार नाही’ असं छापलेल्या, करवतीसारख्या बारीक दातांच्या सुऱ्या घेऊ नका. त्या मांस कापत नाहीत, फाडतात. मोठ्या गोल कमानींचे दात घ्या. आणि डिशवॉशर टाळा, त्यातल्या गरम खारट पाण्यात स्टेनलेसवरही ठिपके पडतात.

तेव्हा बाई, स्वस्तातला दातेरी संच घ्या. फक्त एक विचारायचं राहिलं: तुमच्या घरी स्टेक बशीत वाढतात की लाकडी पाटावर? पाटावर असेल तर माझं उत्तर बदलतं. मग सपाट धारेची घ्या, महागातली नको, मधली. धार गेली की कप उपडा घाला.