भूल उतरल्यानंतर

जबलपूर शहरातील गोरखपूर हा गजबजलेला भाग. तेथील एखाद्या मराठी घरात अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, शस्त्रक्रियेचा दिवस ठरला की ‘भूल कोणती देणार?’ हा प्रश्न हटकून निघतो. चांगल्या वायूची भूल दिली म्हणजे मागाहून दुखणार नाही, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः झोप आणि वेदनाशमन या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कलकत्त्यात १८४७ साली ईथरची भूल प्रथम दिली गेली. ईथर अंगात सावकाश भिनते आणि सावकाशच बाहेर पडते. त्यामुळे रोगी बराच वेळ गुंगीत राही व ठणका उशिरा जाणवे. पण ओकाऱ्या फार होत आणि प्रत्येक उमाळ्यासरशी जांघेतील ताज्या टाक्यांवर ताण पडे.

जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले १८५५ नंतर शंभर वर्षांनी, १९५५ साली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात हॅलोथेनचा वापर सुरू झाला. पुढे आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन आले. सेव्होफ्लुरेनने तर काही मिनिटांतच जाग येते. परंतु या औषधांत वेदना शमविण्याचा गुण जवळजवळ नाही. जाग लवकर, तशी वेदनाही लवकर. नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हास्यवायू, स्वतः वेदना शमवितो खरा. पण तोही श्वासावाटे मिनिटांत निघून जातो, आणि मळमळ वाढवितो.

निजलेल्या माणसाच्या जखमेचा निरोपही नसांवाटे मज्जारज्जूपर्यंत पोचतच असतो. मेंदूला त्याची जाणीव होत नाही, एवढेच. म्हणून खरा उपाय त्या वाटेवरच करावा लागतो. जांघेची संवेदना वाहणाऱ्या बारीक नसांभोवती बुपिव्हाकेनसारखे बधिर करणारे औषध टोचले, तर जाग आल्यावरही काही तास आराम मिळतो. पुढे पॅरासिटामॉलसारखे औषध, ठणका वाढण्याची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वेळेवर घ्यावे. कित्येकदा केवळ जागा बधिर करूनच ही शस्त्रक्रिया होते. झोपेच्या वायूची गरजच पडत नाही.

दहांतील सुमारे एका रोग्याला मात्र वेदना महिनोन्‌महिने छळते. त्याचे कारण पुष्कळदा टाक्यात वा व्रणात सापडलेली नस हे असते. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, तर ते मुकाट्याने सोसू नये.

तेव्हा वायूचे नाव विचारावेच. पण शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञांना आणखी एक प्रश्न करावा: ‘भूल उतरल्यावर दुखू नये म्हणून काय योजना आहे?’