दंतरोपण जोडाचे यांत्रिक स्थैर्य

दंतरोपण जोडाचे यांत्रिक स्थैर्य : जबड्याच्या हाडात बसविलेले कृत्रिम दंतमूळ आणि त्यावर उभारलेला कृत्रिम दात यांमधील सांधा चर्वणाचे भार वर्षानुवर्षे सोसूनही सैल न होता, न उघडता व न मोडता टिकून राहणे, यास दंतरोपण जोडाचे यांत्रिक स्थैर्य म्हणतात. रोपण हाडात पक्के बसणे ही जीववैज्ञानिक बाब असून तिचा या स्थैर्याशी गोंधळ करू नये. हाडात उत्तम रुजलेल्या रोपणावरचा दातही हलू लागतो व रुग्णास रोपण वाया गेले असे वाटते; पुष्कळदा दोष केवळ आतील स्क्रूचा असतो.

रचना : रोपणाचे सामान्यतः तीन भाग असतात. हाडात बसणारा, बहुधा टिटॅनियमाचा व बाहेरून मळसूत्र असलेला भाग म्हणजे रोपण. हिरडीतून वर येणारा भाग म्हणजे आधारखुंट. आणि खुंटावरील दाताच्या आकाराचा भाग म्हणजे शिखर, ज्यास व्यवहारात कॅप म्हणतात. आधारखुंट सु. २ मिमी. व्यासाच्या स्क्रूने रोपणाशी आवळलेला असतो. नैसर्गिक दाताभोवती तंतुमय बंध असतात. ते धक्का शोषून घेतात आणि भार अधिक झाल्याची जाणीवही करून देतात. रोपणाभोवती असे बंध नसल्याने सर्व भार सरळ या जोडावर व हाडावर येतो.

पूर्वताण : स्क्रू आवळला म्हणजे तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. या ताणास पूर्वताण म्हणतात. जोड टिकतो तो या दाबामुळे. स्क्रूच्या नुसत्या जाडीमुळे नव्हे. आवळण्यासाठी बहुधा २० ते ३५ न्यूटन-सेंमी. पीडन परिबल वापरतात. ३० न्यूटन-सेंमी. परिबल, २ मिमी. व्यास व घर्षण विचारात घेणारा गुणांक ०·३ धरल्यास पूर्वताण सु. ५०० न्यूटन, म्हणजे ५० किग्रॅ. वजनाइतका येतो. लावलेल्या परिबलाचा सु. एकदशांश भागच ताण निर्माण करण्यास उपयोगी पडतो. उरलेला स्क्रूच्या माथ्याखालील व आट्यांमधील घर्षणात खर्ची पडतो. त्यामुळे स्क्रू कोरडा आहे की लाळेने ओला, नवा आहे की अनेकदा वापरलेला, यावर एकाच परिबलाने मिळणारा पूर्वताण पुष्कळ बदलतो. हाताच्या अंदाजाने आवळणे अविश्वसनीय ठरते ते यामुळेच. परिबलमापक पानाही वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो.

आवळलेला स्क्रू लगेच थोडा ताण गमावतो. यंत्रावर कातलेले पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर उंचवटे दिसतात. दाबाखाली हे उंचवटे चेपले जातात व स्क्रूचा ताण तेवढा उतरतो. म्हणून सु. १० मिनिटांनी पुन्हा त्याच परिबलाने आवळण्याची पद्धत आहे. ही दहा मिनिटे वाचविणे शहाणपणाचे नाही.

जोड उघडणे : दाताच्या अक्षाच्या दिशेने येणारा भार जोडास फारसा त्रासदायक नसतो, तिरपा भार त्यास उघडू पाहतो. जोडाच्या वर ८ मिमी. उंचीवर आडवा जोर लागला आणि जोडाची त्रिज्या २ मिमी. असली, तर ५०० न्यूटन पूर्वताणास जोडाची एक कड सु. १२५ न्यूटन आडव्या जोराने उचलू लागेल. पूर्वताण निम्मा झाल्यास त्यासाठी निम्माच जोर पुरतो; दाताची उंची दुप्पट असल्यासही तसेच घडते. हे गणित सपाट जोडाचे व स्थूल असले, तरी उंच शिखरे व बाहेर झुकलेले पूल का घातक ठरतात ते त्यावरून कळते. कड उचलली जाऊ लागली की प्रत्येक घासाबरोबर स्क्रूवर येणारा ताण चढउतार करतो. सूक्ष्म सरकण्याने आटे मागे फिरू लागतात, फटीतून लाळ व जंतू आतबाहेर होतात आणि अखेरीस धातूच्या शिणवट्याने स्क्रू तुटतो. झोपेत दात खाण्याची किंवा सुपारी दातांनी फोडण्याची सवय असल्यास हा क्रम लवकर घडतो. सैल दात वेळीच दाखविल्यास स्क्रू बदलून काम भागते. दुर्लक्ष केल्यास तुटलेला तुकडा रोपणात अडकतो व तो काढताना आतील आटे बिघडण्याचा धोका असतो.

जोडांचे प्रकार : स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) यांनी १९६५ मध्ये गॉथनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर टिटॅनियमाची रोपणे केली. त्यांच्या पद्धतीतील रोपणाच्या माथ्यावर सु. ०·७ मिमी. उंचीचा बाह्य षट्कोन असे. तो मुळात रोपण हाडात फिरवून बसविण्याच्या हत्यारासाठी होता. संपूर्ण जबड्याचा पूल अनेक रोपणांवर बांधला जाई, तेव्हा ती एकमेकांना आधार देत व षट्कोनावर विशेष भार येत नसे. पुढे एकेकट्या दातासाठी तीच रचना वापरली जाऊ लागली आणि स्क्रू सैल होण्याच्या तक्रारी वाढल्या. वेगळ्या कामासाठी केलेला भाग नव्या कामास जुंपल्याचे हे ठळक उदाहरण होय.

नंतर षट्कोन रोपणाच्या आत नेण्यात आला. खोल बैठकीमुळे आडवा जोर भिंतींवर वाटला जातो व स्क्रूला आराम मिळतो. मात्र भिंती पातळ झाल्याने अरुंद रोपणाची भिंतच तडकण्याची भीती असते. तिसऱ्या प्रकारात निमुळता शंकू तशाच निमुळत्या खोबणीत घट्ट बसतो. लेथ किंवा ड्रिल यंत्रात मोर्स निमुळतेपणाचे हत्यार असेच घर्षणाने धरले जाते. येथे तिरपा भार मुख्यतः शंकूची भिंत पेलते, फट अत्यल्प राहते, आणि काही रचनांत स्क्रूही लागत नाही. एकट्या दातासाठी शंक्वाकार जोड यांत्रिक दृष्ट्या सरस मानणे योग्य होईल. पण आवळताना शंकू किंचित खाली रुततो, त्यामुळे खुंटाची उंची परिबलानुसार बदलते. अनेक रोपणांवरील एकसंध पूल बसविताना हा बदल अडचणीचा ठरतो. घट्ट रुतलेला खुंट काढणेही कधी कठीण जाते.

झिर्कोनियाचा खुंट दिसण्यास चांगला, पण टिटॅनियमाहून पुष्कळ कठीण असतो. सूक्ष्म हालचालीत तो रोपणाची बैठक झिजवितो. एका उत्पादकाच्या रोपणावर दुसऱ्याचा खुंट वा स्क्रू बसविण्याची प्रथा खर्च वाचविते, परंतु डोळ्यांना जुळणारे भाग काही मायक्रोमीटरांनी वेगळे असले, तरी दाबाचे वाटप बिघडते.

परीक्षण : आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १४८०१ क्रमांकाच्या मानकानुसार रोपणाचा अक्ष भाराच्या दिशेशी ३०° कलता ठेवतात आणि झिजलेल्या हाडाचे अनुकरण करण्यासाठी ३ मिमी. भाग उघडा ठेवतात. मग ५० लक्ष वेळा भार देऊन, किती भारापर्यंत जोड न मोडता टिकतो ते पाहतात. द्रवात, सेकंदास २ आवर्तनांपर्यंत संथ गतीने परीक्षण केल्यास २० लक्ष आवर्तने पुरतात. या परीक्षणातून निरनिराळ्या रचनांची तुलना करता येते. विशिष्ट रुग्णाच्या तोंडात जोड किती वर्षे टिकेल हे त्यावरून काढता येत नाही.