तख्त गेल्यानंतरचा इतिहासकार

पिवळ्या नदीच्या मोठ्या वळणात वसलेल्या ओर्डोस मुलखात १६०४ साली जन्मलेला सगान सेचेन हा चंगीझखानाच्या वंशातला राजपुत्र. अकराव्या वर्षी पणजोबांची पदवी त्याच्याकडे आली आणि ऐन तारुण्यात तो राज्याच्या मसलतीत बसू लागला. परंतु १६३४ साली चंगीझाच्या तख्ताचा अखेरचा महाखान लिगदान खान मरण पावला, पुढच्याच वर्षी त्याच्या पुत्राने मांचूंपुढे शरणागती पत्करली, आणि त्या तख्ताचे सार्वभौमत्व लयास गेले. हे सारे ज्याच्या हयातीत घडले, त्या या सरदाराने साठीच्या उंबरठ्यावर, १६६२ साली, ‘एर्देनि-यिन तोब्ची’ ही आपल्या लोकांची बखर पुरी केली.

या बखरीचा आरंभ आपल्या भारतात होतो, हे वाचकाला नवल वाटेल. आद्य राजा महासंमत, त्याच्या कुळातून शाक्य, पुढे तिबेटचे राजे, आणि त्यांतल्या एकाचा धाकटा पुत्र बोर्ते चिनो हा चंगीझाचा मूळपुरुष, अशी ही वंशावळ आहे. तेराव्या शतकातल्या ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात बोर्ते चिनो आहे, पण भारत-तिबेटचा मागमूस नाही. सगानचे पणजोबा खुतुक्ताइ सेचेन यांनीच मंगोल सत्ताधीश आल्तान खानाला बौद्ध धर्माकडे वळवण्यात पुढाकार घेतला होता. १५७८ साली कोकोनोर सरोवराकाठी झालेल्या भेटीत त्या खानाने सोनम ग्यात्सो यांना दलाई लामा ही पदवी दिली. अशा घरातल्या लेखकाने राजवंशाला धर्माच्या जन्मभूमीशी जोडावे, हे स्वाभाविकच होते.

ही वंशावळ कल्पित आहे आणि चंगीझकालीन सनावळीही विश्वसनीय नाही. तरीही तेवढ्यावरून ग्रंथ मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते; कारण १३६८ साली चीनचे राज्य गेल्यानंतर स्तेपीत जी दीर्घ यादवी माजली, तिची आठवण मंगोलांच्या स्वतःच्या तोंडून सांगणारी साधने फार थोडी आहेत. विधवा राणी मंदुखाईने सात वर्षांच्या बातमोंखला, म्हणजे पुढच्या दायन खानाला, गादीवर बसवले आणि त्या बालखानाला पेटाऱ्यात घालून पश्चिमेकडच्या ओइरात मंगोलांवरच्या स्वारीत बरोबर नेले, हे सगान ज्या आस्थेने सांगतो, ती आस्था परक्या दरबारच्या दफ्तरात कोठून येणार?

पुढे चिएनलुंग बादशहाच्या अमदानीत मांचू दरबारानेच या बखरीचे मांचू व चिनी अनुवाद करवून घेतले. आणि १८२९ साली सेंट पीटर्सबर्ग येथे इझाक याकोब श्मिट यांनी मूळ मंगोल पाठासह जर्मन भाषांतर छापले, तेव्हापासून युरोपातील पंडितांना मंगोलांचा इतिहास मंगोल लेखणीतून वाचता येऊ लागला.