नजर मीटरवर, पण कात्री कुठे?

वर्धा जिल्ह्यात उन्हाची चाहूल लागली की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलल्या जातात, टाकीतला गाळ काढला जातो आणि मग पाऊस येईपर्यंत घराघरांत त्यांची घरघर सुरू राहते. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवीन नाही. नवतपाच्या नुसत्या नावानेच लोक धसका घेतात. या सगळ्याचा हिशेब महिनाभराने बिलाच्या रूपाने दारात येतो आणि आकडा पाहून घरात एकच निष्कर्ष निघतो : कूलर फार चालतो, तो कमी लावा.

हा निष्कर्ष खरा की नुसता अंदाज, हे कागदी बिलावरून ठरवता येत नाही. त्यावर तीस दिवसांची एकच बेरीज असते. फ्रिजने किती घेतले, पंपाने किती, कोणत्या दिवशी वापर वाढला, यातले काहीच कळत नाही. जे कळते तेही वीज वापरून झाल्यावर. नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी जगभर घरातल्या वीजवापरावर नजर ठेवणारी साधने आली. आपल्याकडे ती स्मार्ट मीटरच्या रूपाने येत आहेत.

महावितरण राज्यभर बसवत असलेले ‘टीओडी’ मीटर दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद ठेवते आणि ग्राहकाला ती मोबाइलवर पाहता येते. या मीटरांना विदर्भातही विरोध झाला. आधी पैसे भरून मग वीज वापरण्याची प्रीपेड पद्धत सामान्य घरगुती ग्राहकांना लागू करणार नाही, असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो : वापर डोळ्यांसमोर दिसला म्हणून माणसे वीज खरोखर कमी वापरतात का?

हिशेब लिहिला की खर्च दिसतो

सेवाग्रामच्या जिल्ह्याला या प्रश्नाचे अर्धे उत्तर ठाऊक असायला हवे. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी पै-पैचा हिशेब लिहीत. त्या नोंदी पाहिल्यावर गाडीभाड्यात बराच पैसा जातो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी कामाच्या ठिकाणी पायी पोहोचता येईल अशी खोली घेतली. भाडे वाचले आणि रोज मैलोगणती चालण्यामुळे प्रकृतीही चांगली राहिली, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. हिशेबाने त्यांना नुसते ‘खर्च कमी कर’ असे सांगितले नाही. तो कुठे कमी करायचा, हे दाखवले.

विजेच्या बाबतीत ऑक्सफर्डच्या संशोधक सारा डार्बी यांनी २००६ मध्ये अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा घेतला. वापर घरातच, त्या क्षणी दिसत असेल तर साधारण ५ ते १५ टक्के बचत होते. माहिती नंतर, बिलातून मिळत असेल तर बचत शून्य ते १० टक्क्यांच्या दरम्यान राहते, असे त्यांना आढळले. भारतात अनंत सुदर्शन यांनी दिल्ली परिसरातील घरांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘तुमचा वापर आसपासच्या घरांच्या तुलनेत किती’ हे सांगणारा अहवाल दर आठवड्याला दिल्यावर उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांनी घटला. मात्र त्याच अहवालाला पैशांचे बक्षीस जोडले, तेव्हा ही घट टिकली नाही. पैशाचे आमिष दाखवले की बचत वाढतेच, असे नाही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. अमेरिकेत काही घरांना फक्त पोस्टकार्डे पाठवली गेली : तुमचा वीजवापर एका अभ्यासात पाहिला जात आहे. तेवढ्यानेच वापर २.७ टक्के घटला आणि पोस्टकार्डे थांबताच घट नाहीशी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा धडा सरळ आहे. कोणी पाहत आहे म्हणून बदललेले वागणे टिकत नाही. घरातली वस्तू किंवा सवय बदलली तरच बचत टिकते. मोबाइलवरचा आलेखही पहिले काही दिवस उत्साहाने पाहिला जातो, मग विसरला जातो.

संशय चुकीच्या ठिकाणी

मीटर आकडा दाखवते, पण दोष कोणाचा हे माणूसच ठरवतो, आणि तिथे गफलत होते. कोणते उपकरण किती वीज खाते, हे अमेरिकेतील लोकांना विचारणारी एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. लोकांचे अंदाज प्रत्यक्षाच्या सरासरी तीन पटींच्या आसपास कमी निघाले. सर्वांत मोठी चूक होती ती जास्त वीज खाणाऱ्या उपकरणांबाबत. डोळ्याला दिसणारा दिवा बंद करण्याचे समाधान मोठे असते. कोपऱ्यात गुपचूप चालणाऱ्या वस्तूकडे लक्ष जात नाही.

कूलर तर दिसतो आणि आवाजही करतो. पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. घरगुती कूलर साधारण २०० वॅटचा धरला आणि तो बारा तास चालला, तर दिवसाला २.४ युनिट होतात. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना तासाला दीड युनिटच्या आसपास घेतो. म्हणजे कूलरचा अख्खा दिवस एसीच्या पावणेदोन तासांपेक्षा कमी. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. वीस तासांच्या वापरावर एकाच पंख्यामागे महिन्याला २७ युनिटांचा फरक पडतो.

मीटरला ताप कळत नाही

बिल पाहून कूलर बंद करण्याचा निर्णय घरात सर्वांत आधी वयस्कर माणसे घेतात. ‘मला काही लागत नाही’ म्हणत दुपारी एकट्या घरी कूलर बंद ठेवून बसणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही काटकसर धोक्याची आहे. वयानुसार तहान कमी लागते, घाम कमी येतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार आणि लघवी वाढवणारी औषधे यांमुळे उष्णतेशी झुंजण्याची ताकद आणखी घटते. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि मेंदूसह सर्वच अवयवांना इजा होऊ शकते.

अशा वेळी ‘कूलर नको, पंखा पुरे’ हा मधला मार्गही फसवा आहे. हवेचे तापमान ४० अंशांखाली असेल तेव्हाच पंखा वापरावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यापुढे तो गरम हवाच अंगावर फेकतो. कूलर मात्र पाण्याच्या बाष्पीभवनातून हवाच थंड करतो. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे हे तंत्र इथे उत्तम चालते. खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे, एवढीच अट.

शेजाऱ्याशी तुलनाही जपून करावी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी तुलना पाहून वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे, त्या घराचा मे महिन्यातला आकडा शेजारच्या घरासारखा असण्याचे कारणच नाही.

दिवसाच्या वापराबाबत नवे मीटर उलट दिलासा देते. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जुलै २०२५ पासून जाहीर झाली. वर्ध्यात कूलरची सर्वाधिक गरज असते ती याच वेळेत. पाण्याचा पंप, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र ही कामेही याच वेळेत उरकली तर फायदा वाढतो. बिलावर सवलतीची ओळ आहे की नाही, हे मात्र तपासावे.

लाल दिवा मोजा

स्मार्ट मीटर नसलेल्या घरांतही खरा खादाड शोधता येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच इंग्रजीत छापलेले असते. अनेक मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातले सगळे बंद करून एकच वस्तू सुरू करावी आणि एका मिनिटातले लुकलुकणे मोजावे. त्या आकड्याला ६० ने गुणून ३२०० ने भागले की त्या वस्तूचा ताशी वापर युनिटमध्ये मिळतो. कूलरला मिनिटाला दहा-अकरा, जुन्या पंख्याला चार, दोन हजार वॅटच्या गिझरला शंभराहून अधिक, असे साधारण प्रमाण येते. मीटरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे.

सगळे बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर तीच खरी बातमी. सेट टॉप बॉक्स, थकलेल्या बॅटरीचा इन्व्हर्टर, एखाद्या खोलीत विसरलेला चार्जर असे काहीतरी चोवीस तास वीज ओढत असते. फ्रिज मात्र थांबत थांबत चालतो, त्यामुळे त्याचा हिशेब तासाभराच्या रीडिंगवरून करावा. दाराचे रबर सैल झाले असेल तर तो थांबतच नाही.

शंभर युनिटांची भीतीही थोडी कमी करायला हवी. शंभरचा टप्पा ओलांडला म्हणजे सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त शंभरच्या पुढच्या युनिटांना लागतो. त्या चार-दोन युनिटांसाठी महिनाअखेरीस कूलर बंद ठेवण्यात शहाणपण नाही.

रोज एका ठरलेल्या वेळी रीडिंग कॅलेंडरवर लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे द्यावे. आठवडाभरात कोणता दिवस वेगळा ठरला आणि का, हे घरातच उमगते. मग कात्री चालवावी ती जुन्या पंख्यावर, ओसंडून वाहणाऱ्या टाकीच्या पंपावर, सैल दाराच्या फ्रिजवर. दुपारच्या कूलरवर नाही.