मागून आणलेली गाडी आणि वाहनतळाचा वाद

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याची विभागणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेला. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक मात्र पूर्ववत चालू राहिली. त्यामुळे भालकीच्या जावयाने उदगीरच्या मेहुण्याची गाडी दोन दिवसांसाठी मागून न्यावी, यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. गाडीवर लातूरचा 'एमएच २४', चालविणारा बीदरचा रहिवासी आणि जावयाचे ठिकाण कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर, असा योग पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला हमखास जुळून येतो.

अशा प्रवासात वाहनतळावर वाद उपस्थित झाला, तर चालविणाऱ्याची स्थिती मोठी अवघड होते. यात्रेच्या दिवसांत कोठेही खाजगी शेतजमिनीवर वा मोकळ्या भूखंडावर वाहनतळ उभा राहतो. असे समजा, की तेथे ५० रुपये देऊन चिठ्ठी घेतली आणि गर्दीत ती गहाळ झाली. परत आल्यावर ५०० रुपयांचा 'दंड' मागण्यात आला. 'गाडी तुमच्या नावावर नाही, मालकाला बोलवा, नाहीतर पैसे भरा,' असेही ऐकविण्यात आले. गाडीत वृद्ध आईवडील, दिवस मावळलेला आणि मालक शंभराहून अधिक किलोमीटर दूर. अशा वेळी बहुतेक जण पैसे देऊन मोकळे होतात. मेहुण्याला कळले तर काय वाटेल, हा संकोच असतोच.

वस्तुतः येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होत असते. दंड करण्याचा अधिकार कायद्याने दिलेल्या यंत्रणेलाच असतो. सार्वजनिक रस्त्यावर गैरजागी गाडी उभी केल्यास पोलीस मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये कारवाई करतात. त्याची सूचना नोंदणीकृत मालकाकडे जाते आणि गाडी कोण चालवीत होते, ही माहिती अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास ती देणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. ज्याने गाडी मागून नेली, त्याने आपले नाव कळविण्यास मालकाला आडकाठी करू नये. तसे करणे कायद्याच्या आणि नात्याच्याही विरुद्ध आहे.

खाजगी वाहनतळाचे तसे नाही. तेथे जो पैसे देतो व चिठ्ठी घेतो त्याच्याशी ठेकेदाराचा करार होतो. मागितली जाणारी रक्कम ही शुल्क असते, फार तर करारभंगाची भरपाई असते. तिला दंड म्हटल्याने ती दंड होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देववते. ज्या मालकाने चिठ्ठी पाहिलीही नाही, त्याच्याकडे केवळ गाडीच्या क्रमांकावरून अशी मागणी करण्यास करारात आधार सापडत नाही. ज्यांचे आप्त इंग्लंडमध्ये आहेत त्यांनी तेथील हकिकती ऐकल्या असतील. तेथे २०१२ च्या कायद्याने खाजगी वाहनतळाचे शुल्क, चालक कोण ते न कळल्यास, काही अटींवर गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून वसूल करता येते. मोटार वाहन अधिनियमात तशी तरतूद नाही.

ठेकेदाराचीही एक बाजू आहे. चिठ्ठी हरवली म्हणणाऱ्याची चौकशी करणे हे त्याचे कामच होय. गाडी भलत्याच्या हाती गेली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमधून एका पाहुण्याची मारुती झेन चोरीस गेली. तिची किल्ली हॉटेलच्या सेवकाकडे दिलेली होती. चिठ्ठीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असूनही हॉटेल जबाबदारी टाळू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला. (किल्ली स्वतःजवळ ठेवून नुसती जागा भाड्याने घेतली असेल, तर हा निर्णय आपोआप लागू पडेल असे मात्र समजू नये.) तेव्हा ओळख पटविणारा कागद मागणे रास्त आहे. मालकाशी दूरध्वनीवर बोलणे करून देणे आणि नोंदणीपत्राची प्रत दाखविणे, एवढ्याने ही शंका फिटावयास हवी. कायद्याने आवश्यक नसले, तरी गाडी नेताना मालकाकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी, हे बरे.

गाडी अडवून ठेवण्याचा प्रश्न वेगळा. करार अधिनियमाच्या कलम १७० ने असा हक्क दिला आहे तो वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्याला, उदाहरणार्थ गाडी दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला. केवळ जागा देणाऱ्यास हे कलम आधार देत नाही. दमदाटी होऊ लागल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. हुज्जत वाढविण्यापेक्षा पुष्कळदा पैसे देणे शहाणपणाचे ठरते. परंतु पावती घ्यावी, तिच्यावर 'आक्षेप राखून दिले' असे लिहावे आणि दरफलकाचे छायाचित्र घ्यावे. फलकच नसेल, तर नसलेल्या फलकाच्या जागेचे घ्यावे. पावती नाकारणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे.

सीमाभागातील रहिवाशास या अधिनियमाचा सर्वांत मोठा लाभ कलम ३४ मध्ये आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याखाली तक्रार जेथे विरुद्ध पक्ष असेल वा जेथे घटना घडली तेथेच करावी लागे. पन्नास-शंभर रुपयांसाठी परराज्यातील जिल्ह्याच्या ठिकाणी कोण खेटे घालणार? २० जुलै २०२० पासून तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. भालकीचा रहिवासी बीदरच्या, तर उदगीरचा रहिवासी लातूरच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. ज्याने पैसे मोजून सेवा घेतली तो ग्राहक. गाडीची मालकी त्यासाठी लागत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही, वकील देणे सक्तीचे नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. अनेक तंटे तडजोडीने मिटतात. झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी शिक्षा लादणारा करार 'अनुचित करार' या व्याख्येत येतो. मात्र त्या कारणावरून दाद मागावयाची झाल्यास राज्य आयोगाकडे जावे लागते.

फास्टॅगमुळे एक नवा पेच निर्माण झाला आहे. हैदराबाद विमानतळावर २०१९ पासून वाहनतळाचे शुल्क फास्टॅगमधून घेण्यास प्रारंभ झाला. तेथे गाडी कोणीही नेली, तरी पैसे मालकाच्या खात्यातून जातात. कपात चुकीची असल्यास टॅग देणाऱ्या बँकेकडे मालकानेच तक्रार करावयाची असते. चालविणाऱ्याने त्याला आत शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ तेवढी कळवावी. हैदराबादला जाणाऱ्या बीदरकरांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. तेलंगण शासनाने मार्च २०१८ च्या आदेशाने मॉल व व्यापारी संकुलांत पहिली तीस मिनिटे निःशुल्क ठरविली आणि खरेदीची पावती दाखविणाऱ्यांना अधिक सवलत दिली. तेथे खरेदीची पावती बाहेर पडेपर्यंत टाकून देऊ नये.

नगरसंस्थेने लिलावाने दिलेला वाहनतळ असेल, तर ठेकेदाराचे दर व हद्द करारनाम्यात नमूद असतात. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये फी भरून त्याची प्रत मागता येते. कर्नाटकाच्या २००८ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. गाऱ्हाण्याचा अर्ज कन्नडमध्येच हवा, असा समज या भागात रूढ आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. भालकी वा आळंदच्या कार्यालयात मराठी अर्ज नेताना या अनुच्छेदाचा क्रमांक अर्जाच्या माथ्यावर लिहावा आणि पोचपावती तेथेच मागून घ्यावी.