मराठी कानाला स्पॅनिश

स्पॅनिश शिकायला परदेशी गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला काही गोष्टी आयत्याच मिळतात. नागपूर-वर्धा लोहमार्गावरच्या सिंदी (रेल्वे) येथून थेट स्पेनमधल्या सालामांकाला, म्हणजे 1218 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या गावी, पोहोचलेल्या मुलालाही ‘त’ आणि ‘द’ नव्याने घोटावे लागत नाहीत. वाक्यरचनाही कधी ओळखीची निघते: ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, ज्याला आवडते त्या माणसाप्रमाणे नाही. इंग्रजीभाषक इथेच हमखास अडखळतात. ‘तू’ला स्पॅनिशमध्येही ‘तू’च म्हणतात, आदरार्थी ‘उस्तेद’ वेगळा.

अडचण येते ती ‘आहे’पाशी. मराठीत एका शब्दावर भागते. स्पॅनिशमध्ये स्वभावासाठी ‘सेर’ आणि तात्पुरत्या अवस्थेसाठी ‘एस्तार’. ठिकाण सांगताना मात्र गाव हजार वर्षे जागचे हलले नसले तरी ‘एस्तार’च! ‘र’सुद्धा दोन: ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, आणि तोच ‘र’ जोरात थरथरवला की कुत्रा.

परदेशी राहिल्याने नेमके काय सुधारते? सेगालोविट्झ आणि फ्रीड या संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पेनमधल्या आलिकांतेत एक सत्र राहिलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांची मायदेशी शिकणाऱ्यांशी तुलना केली. तिकडे गेलेल्यांच्या बोलण्याचा ओघ अधिक वाढला. व्याकरणाची अचूकता मात्र नुसत्या मुक्कामाने आपोआप येत नाही. खोलीवर परतल्यावर मराठी, फोनवर मराठी, जेवताना इंग्रजी, असा दिवस गेला तर स्पॅनिश वर्गापुरतीच उरते. म्हणून स्थानिक कुटुंबात राहणे, बाजारात भाव विचारणे आणि चुका वहीत टिपणे उपयोगी पडते.