‘पडीक’ या संज्ञेचा प्रश्न
धाराशिव जिल्हा वाळवंट नव्हे; तो पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण प्रदेश होय. येथील उघड्या माळांना सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणतात. या संज्ञेचा अर्थ ‘लागवडीखाली नसलेली’ एवढाच. ‘निरुपयोगी’ हा नव्हे. कुसळी-पवन्याचा माळ धनगरांच्या मेंढ्यांस चारा व लांडग्यास आसरा देतो. तथापि १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेखाली सौरविद्युत् प्रकल्पांस पूर्वमंजुरी लागत नाही. माळावरील वृक्षारोपण तर सुधारणाच मानले जाते. अशा वेळी परीक्षणाची जागा हा एक शब्दच घेतो. म्हणून भूमिविकासापूर्वी लोकभाषेतील भेद नोंदविले पाहिजेत: ‘गायरान’ गावाचा चराईहक्क सांगते, ‘बरड’ मातीचा पोत सांगते, ‘पडीक’ यांपैकी काहीच सांगत नाही.